प्रोसेसरचे अतितापन : घरगुती गेमिंग संगणक, ग्रामीण विदर्भ

गेम चालू असताना प्रोसेसरचे तापमान निर्मात्याने ठरवून दिलेल्या कमाल मर्यादेला भिडणे आणि त्यामुळे प्रोसेसरने आपला वेग उतरवणे किंवा संगणक एकाएकी बंद पडणे, यास अतितापन म्हणतात. ही मर्यादा बहुतेक इंटेल प्रोसेसरांत १०० अंश से.च्या आसपास, तर एएमडीच्या अलीकडील रायझन मालिकांत साधारणतः ८९ ते ९५ अंश से. असते. मर्यादेजवळ पोचणे म्हणजे बिघाड नव्हे. रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालावेत अशाच बेताने बनवलेले आहेत. गेम अडखळू लागणे, फ्रेम्स अचानक निम्म्यावर येणे, पंख्याचा आवाज चढतच जाणे ही नेहमीची लक्षणे होत.

प्रोसेसर घेत असलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णतेत जाते. चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरांनी खर्च केलेली वीज वारंवारतेच्या प्रमाणात, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून व्होल्टेज थोडे जरी उतरवले तरी उष्णतेत चांगला फरक पडतो. याशिवाय ट्रान्झिस्टर बंद असतानाही थोडी वीज झिरपते, आणि हे झिरपणे तापमानाबरोबर वाढते. म्हणजे तापलेला प्रोसेसर त्याच कामाला अधिक वीज घेतो व अधिक तापतो. वेष्टनावर छापलेला ६५ वॉट हा आकडा कमाल खर्च समजला जातो, तो तसा नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरील (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा) ६५ वॉटच्या प्रोसेसरला ८८ वॉटपर्यंत मुभा असते, तर इंटेलच्या कोअर आय५-१२४०० या ६५ वॉटच्या प्रोसेसरची टर्बो (म्हणजे तात्पुरत्या जादा वेगाची) मर्यादा ११७ वॉट आहे.

घरगुती संगणकात शीतनाची गरज नेमकी केव्हा निर्माण झाली याविषयी एकमत नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीमधील ४.७७ मेगाहर्ट्झचा ८०८८ प्रोसेसर उघडाच चाले. काही लेखक १९९२ च्या सुमाराच्या ४८६डीएक्स२-६६ पासून सुरुवात मानतात, कारण त्यावर धातूचा हीट सिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा ठोकळा) बसवण्याची पद्धत तेव्हा रुळली. इतर काही जण १९९३ मधील पेंटियमपासून मानतात, कारण हीट सिंकवर पंखा हवाच हे त्यावेळी सर्वसामान्य झाले. नुसता धातू आणि पंखा यांतील फरक लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य दिसते. (मोठ्या संगणकांत पाण्याने शीतन करण्याची प्रथा याहून बरीच जुनी आहे, ती येथे विचारात घेतलेली नाही.) तथापि देखभालीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा टप्पा म्हणजे प्रोसेसरला स्वतःचे रक्षण करता येऊ लागणे. २००० च्या अखेरीस आलेल्या पेंटियम ४ मध्ये तापताच वेग उतरवण्याची सोय होती. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने क्वेक ३ हा गेम चालू असताना हीट सिंक उचलून दाखवला. पेंटियम ४ मंदावला पण चालत राहिला, तर त्या काळचे एएमडी ॲथलॉन प्रोसेसर जळाले. या प्रयोगाची परिस्थिती घरात सहसा उद्भवत नाही, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. तो रास्तच होता. मात्र पंखा अडकणे किंवा हीट सिंक सुटणे या घरात घडणाऱ्याच गोष्टी आहेत. आजचे सर्व प्रोसेसर आधी वेग उतरवतात आणि तरीही न भागल्यास वीज तोडतात. त्यामुळे ‘उन्हाळ्यात प्रोसेसर जळाला’ या तक्रारीत बहुधा दुसरेच काही जळालेले असते.

ग्रामीण विदर्भात या विषयाला वेगळे वळण मिळते ते खोलीच्या तापमानामुळे. हीट सिंक आणि पंखा प्रोसेसरला थंड करत नाहीत, ते फक्त त्याची उष्णता खोलीतल्या हवेला देतात. भार आणि पंख्याचा वेग तोच राहिला तर प्रोसेसर व खोली यांच्या तापमानांतील फरक जवळजवळ स्थिर राहतो. समजा २४ अंशांच्या खोलीत एखादा गेम खेळताना प्रोसेसर ७२ अंशांवर स्थिरावतो, म्हणजे फरक ४८ अंशांचा. तोच संगणक ४० अंशांच्या खोलीत ८८ अंशांवर जाईल आणि त्यात बिघाड काहीच नसेल. प्रोसेसरच्या कूलरच्या (हीट सिंक व पंखा यांच्या जोडणीच्या) आणि कॅबिनेटच्या चाचण्या बहुतेक २० ते २५ अंशांच्या वातानुकूलित खोल्यांत होतात. त्यांतील आकडे मे महिन्यात यवतमाळ किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील टिनाच्या खोलीत जसेच्या तसे लावणे चुकीचे आहे. नागपूरचे २३ मे २०१३ रोजीचे कमाल तापमान ४७.९ अंश नोंदले गेले आहे. नवतपाच्या दिवसांत टिनाखालची खोली संध्याकाळी उशिरापर्यंत चाळिशी सोडत नाही. जुन्या मातीच्या भिंतींच्या, कवेलूच्या घरांतील माजघर त्यामानाने बरेच सुसह्य असते. सिमेंटचा स्लॅब दिवसभराची उष्णता रात्री सोडतो, त्यामुळे गेम खेळण्याची म्हणून जी वेळ असते, नेमकी तेव्हाच खोली तापलेली असते.

यावरून निदानाचा पहिला नियम निघतो. प्रोसेसरचे तापमान एकटे पाहू नये, त्यातून खोलीचे तापमान वजा करून पाहावे. यासाठी संगणकाशेजारी ठेवलेला साधा थर्मामीटर पुरतो. हिवाळ्यातला फरक लिहून ठेवला असेल आणि उन्हाळ्यात तोच फरक येत असेल, तर दोष खोलीचा आहे. थर्मल पेस्ट (प्रोसेसर व हीट सिंक यांमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून उपयोग नाही. फरक दहा-पंधरा अंशांनी वाढलेला असेल तरच कॅबिनेट उघडावे. प्रत्यक्षात तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीला आलेल्या संगणकाची पेस्ट आधी बदलली जाते आणि खोलीविषयी कोणी विचारत नाही. दुकानात एसी असेल तर संगणक तेथे व्यवस्थित चालतोही, आणि घरी आणल्यावर पुन्हा तापतो.

मोजमापावरही आंधळा विश्वास नको. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले होते. तो सेन्सरचा दोष असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. संगणकातही असे घडते. २०१७ मधील रायझन ७ १७००एक्स व १८००एक्स हे प्रोसेसर पंख्याच्या नियंत्रणासाठी प्रत्यक्षापेक्षा २० अंश जास्तीचा आकडा कळवत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो तसाच दिसे, आणि वापरलेले प्रोसेसर विकत घेणाऱ्यांची अजूनही यात फसगत होते. इंटेलचे अंतर्गत सेन्सर कमाल मर्यादेपासूनचे अंतर मोजतात. मर्यादेजवळ ते विश्वासार्ह असतात, रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरचे आकडे मात्र ढोबळ समजावेत. एचडब्ल्यूइन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रॉटलिंग (तापल्यामुळे वेग उतरवणे) झाले की नाही याची वेगळी नोंद येते. तापमानाच्या आकड्यापेक्षा ती पाहणे चांगले.

आकडा कसा चढतो यावरून कारण बरेचसे कळते. संगणक सुरू करताच, गेम लावण्याआधीच, बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरच्या) पडद्यावर तापमान ७०-८० च्या पुढे पळत असेल तर हीट सिंक प्रोसेसरला नीट टेकलेला नाही. इंटेलच्या मूळ कूलरला २००४ पासून प्लास्टिकच्या चार दाबखुंट्या असतात. त्यांतली एखादी सुटली की असे होते, आणि मोटारसायकलवरून किंवा एसटीतून आणलेल्या संगणकात ती सुटण्याची शक्यता अधिक. नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक पट्टी काढायची राहून गेल्यास, किंवा पाण्यावर चालणाऱ्या कूलरचा पंप बंद पडल्यास, हेच लक्षण दिसते. याउलट दहा-पंधरा मिनिटांत तापमान हळूहळू चढत असेल तर हवा कोंडते आहे. बाजूचे झाकण काढून तोच गेम खेळावा. आठ-दहा अंश उतरले तर दोष कॅबिनेटचा. पुढे सबंध काच असलेली दिखाऊ कॅबिनेटे या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत. गेम सुरू होताच संगणक क्षणात बंद पडत असेल आणि तापमान साधेच असेल, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावर, घ्यावा.

धुळीचा प्रकार जिल्ह्यागणिक बदलतो, याची दखल सर्वसाधारण मार्गदर्शक लेखनात येत नाही. कापूस पट्ट्यात, विशेषतः हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट यांसारख्या जिनिंग असलेल्या गावांच्या परिसरात, हंगामात हवेत रुईचे तंतू तरंगतात. हे तंतू पंख्यातून आत जातात आणि हीट सिंकच्या पात्यांच्या तोंडाशी अडकून नमद्यासारखा थर धरतात. पंखा स्वच्छ दिसतो, फिरतोही, पण हवा पलीकडे जात नाही. वरून ब्लोअर मारल्याने हा थर आणखी दाबला जातो. पंख्याचे स्क्रू काढून तो पात्यांवरून सोलून काढावा लागतो. सोयाबीन आणि तुरीच्या मळणीच्या दिवसांत कुटाराची धूळ अशीच, मात्र ती कोरडी असल्याने ब्रशने निघते. गोंदिया-भंडाऱ्याकडे राइस मिलच्या कोंड्याची बारीक भुकटी असते. वणी, घुग्घुस, बल्लारपूर या कोळशाच्या पट्ट्यात काळा, चिकट थर बसतो व तो कोरड्या ब्रशने निघत नाही. पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरची हवा सर्वत्र वापरली जाते, परंतु तिच्यात पाण्याचे व तेलाचे थेंब असतात. वापरायचीच झाल्यास टाकीतले पाणी आधी सोडून द्यावे आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर तो बेफाम फिरून बेअरिंग खराब होते. जमिनीवर ठेवलेले कॅबिनेट टेबलावर घेतले तरी यातली बरीच धूळ टळते. पाल आणि उंदीर मागच्या उघड्या खाचांतून आत येतात. त्या खाचांना पट्ट्या लावाव्यात.

कूलर हा वादाचा मुद्दा आहे. येथे कूलर म्हणजे गवताच्या ताट्यांचा, पाण्याचा कूलर. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात तो खोलीचे तापमान सहज दहा अंशांनी किंवा त्याहून अधिक उतरवतो, आणि वरील हिशोबाने प्रोसेसरचेही तेवढेच उतरते. दुसरा कोणताही उपाय इतका परिणामकारक नाही. दमट हवेने मदरबोर्ड खराब होतो असे एक मत आहे. निव्वळ आर्द्रतेने इतके नुकसान होण्याचे कारण नाही, कारण तापलेल्या भागांवर दव धरत नाही. खरा धोका थेंबांचा आहे. ताटीतून उडालेले क्षारयुक्त बोअरचे पाणी बोर्डावर वाळले की पांढरे डाग पडतात, आणि त्यांवर धूळ धरून पुढे गंज चढतो. म्हणून कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर न घेता खोलीत सोडावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. खिडकी बंद असेल तर दमट हवा कोंडून कूलर निकामी होतो. व्होल्टेज पडले की कूलरची मोटर मंदावते, संगणकाचे पंखे मात्र एसएमपीएसच्या १२ व्होल्टवर असल्याने पूर्ववत फिरतात. रात्री आठनंतर, पंप आणि पंखे सगळीकडे चालू असताना, गेम अडखळण्याचे कारण कित्येकदा हे असते. पावसाळ्यात कूलरचा उपयोग उरत नाही, पण तेव्हा खोलीही तिशीत आलेली असते.

थर्मल पेस्ट हा विषय जितका चर्चिला जातो तितका निर्णायक नाही. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, ॲल्युमिनियमची सुमारे २३५ आणि हवेची ०.०२६ वॉट प्रति मीटर-केल्विन असते. चांगल्या पेस्टची ५ ते १२ च्या दरम्यान. पेस्टचे काम केवळ हवेची फट भरणे हे आहे, त्यामुळे पातळ थर उत्तम. मध्यभागी ठिपका द्यावा, फुली काढावी की सबंध पसरावी यावर हिरिरीने वाद होतात, प्रत्यक्ष फरक एक-दोन अंशांचा पडतो. वाळून भेगा पडलेली पेस्ट मात्र बदललीच पाहिजे. कार्यालयांतून निवृत्त झालेले चौथ्या पिढीच्या आय५ चे संगणक घेऊन त्यांत ग्राफिक्स कार्ड बसवण्याची चाल गावांत आहे, आणि अशा संगणकांत मूळची पेस्टच राहिलेली असते.

प्रोसेसरच्या धातूच्या टोपणाखालील पेस्टचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. इंटेलने २०१२ मधील आयव्ही ब्रिज पिढीत टोपणाखाली डाखाऐवजी पेस्ट वापरली आणि प्रोसेसर आधीच्या पिढीपेक्षा अधिक तापू लागले. एका मताप्रमाणे दोष हलक्या पेस्टचा, दुसऱ्या मताप्रमाणे २२ नॅनोमीटर तंत्रामुळे लहान झालेल्या चिपमध्ये एकवटलेल्या उष्णतेचा. तिसरे मत असे की टोपण चिकटवणाऱ्या गोंदाच्या जाडीमुळे मधली फट वाढली होती. टोपण काढून, गोंद खरवडून पुन्हा बसवल्यावर तापमान ठळकपणे उतरल्याचे अनेकांना आढळले, त्यामुळे तिसऱ्या मताकडे कल झुकतो. पहिली दोन कारणे त्यात मिळालेली असणारच. २०१८ मध्ये नवव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत डाख परत आला. वापरलेल्या तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या प्रोसेसरबाबत हा मुद्दा आजही लागू आहे, परंतु टोपण काढण्याचा प्रयोग पात्याने करणे अविचाराचे होय.

खर्चाविना होणारे उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहेत. व्हॅलोरंटसारख्या हलक्या गेममध्ये फ्रेम्सना मर्यादा नसेल तर प्रोसेसर विनाकारण राबतो. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर ७५ फ्रेम्सची मर्यादा घालावी. मोबाइल गेम एम्युलेटरवर खेळणाऱ्यांनी त्याला दिलेले कोअर कमी करून पाहावेत. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० ऐवजी ९९ टक्के केली की टर्बो बहुधा बंद होतो आणि तापमान लगेच उतरते. दुपारी खेळण्यापुरते हे पुरेसे आहे. रायझनमध्ये बायोसमधील इको मोड (वीजखर्चाची मर्यादा उतरवणारी सोय) हेच काम अधिक नीटपणे करतो.

इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अस्थिरता अतितापनाशी गल्लत करण्याजोगी आहे. गेम कोसळणे हे लक्षण तेच, परंतु कारण प्रोसेसरला मिळणारे जादा व्होल्टेज. ते कालांतराने प्रोसेसरला कायमची इजा करते. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या) सुधारणा दिल्या आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. सुधारणा बायोस अद्ययावत करूनच मिळते. आधी झालेली इजा मात्र तिने भरून येत नाही, त्यासाठी प्रोसेसर वॉरंटीत बदलून घ्यावा लागतो. बायोस भरताना वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएस किंवा इन्व्हर्टरवरच करावे.