कालनिर्णय, बिस्किटाचे पुडे आणि लाइट बिल विशेष शाळेत कसे आले

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या विशेष शाळेत वर्गाच्या भिंतीला कालनिर्णय लटकलेलं असतं, कपाटात बिस्किटाचे रिकामे पुडे, गोळ्यांच्या संपलेल्या स्ट्रिप, जुनी लाइट बिलं, बसची तिकिटं. नवीन पालकांना वाटतं ही रद्दी कशाला जमवलीय, अभ्यास कुठेय. तर हाच अभ्यास आहे, आणि तो इथपर्यंत यायला बराच काळ गेलाय.

सुरुवात बरेचजण फ्रान्सपासून धरतात. १८०० साली जंगलातून आलेला एक मुलगा, त्याचं नाव पुढे व्हिक्टर ठेवलं, त्याला इतार नावाचा तरुण डॉक्टर पॅरिसमध्ये शिकवत होता. सुट्या अक्षरांतून ‘lait’ हा दुधासाठीचा फ्रेंच शब्द जुळवायला त्याला शिकवलं. काही दिवसांनी व्हिक्टर फिरायला निघाला तेव्हा ती चार अक्षरं आपणहून खिशात घालून गेला, आणि ज्या घरी त्याला नेहमी दूध मिळायचं तिथल्या टेबलावर ती जुळवून ठेवली. बोलण्याच्या बाबतीत इतार मात्र फार खूश नव्हता, कारण मुलगा तोंडाने हा शब्द उच्चारायचा तो दूध दिल्यावर, मागायला म्हणून नाही. माझ्या मते त्याने स्वतःच्या यशाला कमी मार्क दिले, वर्गातलं शिकणं बाहेर घेऊन जाणं हेच तर आजही सगळ्यात अवघड जातं.

पुढे इतारचं काम त्याच्या शिष्याने, सेगँने वाढवलं, त्या दोघांचं वाचून माँटेसरींनी साहित्य बनवलं. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं ते विकतच्या महागड्या साहित्यावर न अडता, आसपास मिळेल ते वापरून. ते विशेष शिक्षण नव्हतं, पण हाताशी आहे त्यातून शिकवायची सवय इकडे तेव्हापासूनची.

मधल्या काळात विशेष शाळा निघाल्या, मुंबईत जय वकील १९४४ ला, पुण्यात कामायनी १९६४ ला. पण जगभरच तेव्हा हिशोब ‘मानसिक वया’चा होता, बुद्धीच्या चाचणीवरून काढलेल्या वयाचा, म्हणजे मुलगा अठरा वर्षांचा, मिसरूड फुटलेली, पण मानसिक वय चार म्हणून त्याच्यासमोर मणी ओवायचे आणि रंगीत खुंट्या खोचायचा बोर्ड. आणि वर्षानुवर्षं तेच. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या लू ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात याला सरळ विरोध केला, की मोठेपणी हा जिथे राहणार, काम करणार, फिरणार तिथे काय लागतं ते आधी बघा आणि तेच शिकवा, त्याच्या खऱ्या वयाला शोभेल अशा वस्तूंनी. १९७५ ला तिथे कायदा झाला आणि प्रत्येक मुलाचा वेगळा शैक्षणिक आराखडा, आपण ज्याला आयईपी म्हणतो, तो सक्तीचा झाला.

भारतात त्याच सुमारास चेन्नईच्या विजय ह्यूमन सर्व्हिसेसने एमडीपीएस तयार केलं, म्हणजे मुलाला काय येतं आणि पुढे काय शिकवायचं हे ठरवायची यादी, १८ विभाग आणि ३६० कौशल्यं, त्यात पैसे, वेळ, वाचन, घरकाम सगळं. १९८४ ला सिकंदराबादला अशा मुलांसाठी काम करणारी राष्ट्रीय संस्था निघाली, तिच्याकडून एफएसीपी ही चेकलिस्ट आली, आणि बीएड स्पेशल केलेल्या कोणालाही ही दोन नावं झोपेतून उठवून विचारा. चेकलिस्टमध्ये उद्दिष्ट असायचं, साहित्य मात्र टीचरने शोधायचं, आणि तिथेच घरातले पुडे शाळेत आले. मराठी घरात १९७३ पासून कालनिर्णय होतंच, तारखांच्या चौकोनात दुधाचा खाडा लिहायची पद्धत होती, मग तारीख, वार, सुट्टी, हिशोब सगळं एकाच कागदावर. एमआरपी छापणं १९९० च्या सुमारास सक्तीचं झालं, त्यामुळे पुड्यावर किंमत शोधणं हा धडाच झाला, तो आकडा कुठल्या कोपऱ्यात छापतील याचा मात्र अजूनही नेम नाही.

आणि छापील वस्तू बदलत राहते ही खरी डोकेदुखी. मुंबईत बेस्टच्या बसला वर्षानुवर्षं समोर नंबर मराठी आकड्यात आणि बाजूला इंग्रजीत असायचा, त्यामुळे फक्त इंग्रजी आकडे शिकलेला मुलगा स्टॉपवर उभा राहून स्वतःची बस सोडायचा. नोटांचं तर विचारूच नका. बरीच मुलं नोट आकड्यावरून नाही, रंग आणि आकारावरून ओळखतात, नोव्हेंबर २०१६ नंतर पाचशेची नोट करडी झाली, लहान झाली, पुढे शंभरची जांभळट आली पण जुनी शंभरचीही चालूच राहिली. आता एकाच किमतीच्या दोन वेगळ्या दिसणाऱ्या नोटा ‘सारख्याच’ कशा, हे ज्याला महिनोन्महिने जोड्या लावायला शिकवलंय त्याला समजावून बघा. खेळण्यातल्या नोटा वापरणाऱ्यांची तर आणखीच पंचाईत, त्या कुठल्याच खऱ्या नोटेसारख्या दिसत नाहीत.

आता दुकानात क्यूआर कोड आलाय. तो वाचावा लागत नाही, म्हणून काहीजण म्हणतात नोटा शिकवणंच सोडा. मला पटत नाही, कारण स्क्रीनवरची रक्कम आणि पुड्यावरची किंमत जुळते का हे बघायला आकडा लागतोच, पिन कोणाला सांगायचा नाही हेही शिकवावं लागतं, त्यामुळे हल्ली आयईपीमध्ये नोटांच्या खाली ही उद्दिष्टं वेगळी लिहायला लागतात.