हातात डंबेल घेऊन ठोसा जड होत नाही

डंबेल हातात धरून शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारायचा सराव, केलं की ठोशात ताकद येते, हा समज वर्षानुवर्षं जिममध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे.

डंबेलचं वजन खाली खेचतं, ठोसा मात्र समोर जातो. म्हणजे मेहनत होते ती हात वर धरून ठेवणाऱ्या खांद्याची. खांदे भरून येतात, म्हणून व्यायाम लागू पडल्यासारखा वाटतो, इतकंच. शिवाय हात संथ होतो आणि कोपराला झटके बसतात ते वेगळेच.

जोर निघतो जमिनीतून. उजवा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारताना मागच्या पायाचा चवडा जमीन ढकलतो, टाच बाहेर वळते, कंबर फिरते, मग खांदा, आणि हात सर्वांत शेवटी. तोवर हात सैल हवा. मूठ आवळायची ती लागण्याच्या क्षणी. सुरुवातीपासूनच दंड ताठ ठेवला तर स्वतःच्याच हाताला ब्रेक लागतो. नवशिक्यांचं घोडं बहुतेक इथंच अडतं.

अमेरिकन बॉक्सर थॉमस हर्न्स आठवा. काटकुळे हात, पण 1984 मध्ये रॉबर्टो दुरानसारख्या चिवट बॉक्सरला त्यानं दुसऱ्याच फेरीत आडवं केलं.

वजनं उचलायचीच तर स्क्वॉट, डेडलिफ्ट करा. मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) कंबर फिरवून भिंतीवर फेका. हेवी बॅगवर (टांगलेल्या जड पिशवीवर) मोजके, पूर्ण जोराचे ठोसे मारा, मध्ये दम घ्या. शॅडो बॉक्सिंग रिकाम्या हातांनीच.