एक समीकरण, दोन चल

माझ्या घरी माळ्याखालच्या कपाटात एक जुना डेस्कटॉप आहे. त्यात ४ टेराबाइटच्या चार हार्डडिस्क, लिनक्स ही संगणकप्रणाली आणि वीस वर्षांचे फोटो. एका शनिवारी संध्याकाळी त्याने मेल धाडला: ॲरे, म्हणजे या चार डिस्कांचा एकत्र बांधलेला संच, ‘डिग्रेडेड’, अधू झालाय. ॲरेची स्थिती उघडून पाहिली, तर दर चालू डिस्कमागे एक असे चार ‘यू’ असायला हवे होते तिथे तीनच. तिसऱ्याच्या जागी नुसती एक रेघ.

तिसरी डिस्क गेली, नवी आणू आणि बसवू, असं म्हणून मी गाडीची किल्लीही उचलली होती. दुकान बंद व्हायला अर्धा तास होता. रस्त्यावरचा ट्रॅफिक पाहून बेत उद्यावर ढकलला. त्या ट्रॅफिकचे आभार मानावे तेवढे थोडे.

माझा ॲरे ‘रेड ५’ (RAID 5) पद्धतीचा आहे. रेड हे नाव रूढ झालं ते १९८८ सालच्या एका शोधनिबंधामुळे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांचं म्हणणं असं, की एक महागडी मोठी डिस्क घेण्यापेक्षा स्वस्त छोट्या डिस्कांचा जथा बांधा आणि त्यातली एखादी मरणार हे धरूनच चाला. नावातल्या ‘आय’चा मूळ अर्थ ‘स्वस्त’. पुढे त्याचा ‘स्वतंत्र’ झाला. विकणाऱ्यांना ‘स्वस्त’ हा शब्द कसा परवडणार!

चार डिस्कांत मिळून तीन डिस्कांएवढाच माल मावतो. उरलेली जागा पॅरिटीला जाते, आणि ती पॅरिटी चारही डिस्कांवर आळीपाळीने पसरलेली असते. पॅरिटी म्हणजे सम-विषमाचा हिशेब. एका रांगेत, म्हणजे वेगवेगळ्या डिस्कांवरच्या एकमेकांशी जोडलेल्या जागांवर, १, ० आणि १ असे बिट असतील तर एकांची संख्या दोन, म्हणजे सम, पॅरिटी ०. ती संख्या विषम असती, तर पॅरिटीत १ लिहून एकूण सम केली असती. आता मधला बिट पुसा. हातात १, १ आणि पॅरिटी ० उरते. एकूण सम व्हायचं तर पुसलेला बिट ०च असणार. म्हणून एक डिस्क बाहेर असतानाही माझे फोटो बिनबोभाट उघडत होते. चौथा आकडा संगणक जागच्या जागी काढत होता.

थोडक्यात, प्रत्येक रांग हे एक समीकरण आहे. एका चलाची किंमत हरवली तर ते सुटतं, दोन हरवल्या तर सुटत नाही. दहावीच्या बीजगणितात दोन चलांना दोन समीकरणं लागायची, तसंच. रेड ६ मध्ये वेगळ्या गणिताचं दुसरं समीकरण जोडलेलं असतं, त्यामुळे तिथे एका रांगेतल्या दोन किमती गेल्या तरी निभावतं. माझ्याकडे एकच होतं.

रात्री जेवणं झाल्यावर बाहेर पडलेल्या डिस्कची स्मार्ट नोंदवही वाचायला बसलो. डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे स्वतःच लिहून ठेवते. त्यात क्रमांक ५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा छोटा कप्पा). क्रमांक १९७ म्हणजे वाचता येत नाहीत, पण निकाल लागायचा आहे असे सेक्टर. माझ्या ‘मेलेल्या’ डिस्कचे हे दोन्ही आकडे शून्य होते. क्रमांक १९९ मात्र तीनशेच्या वर.

हा १९९ डिस्कच्या तबकड्यांबद्दल काहीच सांगत नाही. केबलवरून डेटा जाताना पाठवणारा त्याची एक बेरीजवजा खूण सोबत पाठवतो आणि घेणारा ती ताडून पाहतो. खूण जुळली नाही की १९९ एकाने वाढतो. म्हणजे गोंधळ होता वाटेत, मुक्कामी नव्हता. कॅबिनेट उघडलं, तर डिस्क संगणकाला जोडणारी साटा केबल पंख्याच्या कडेला दाबून काटकोनात वाकलेली. दीडशे रुपयांची वस्तू, आणि मी नव्या डिस्कचे हजारो रुपये मोजायला निघालो होतो. (हा आकडा कधीच कमी होत नाही. केबल बदलल्यावर तो वाढायचा थांबला की नाही, एवढंच बघायचं.)

पैसे वाचले ही किरकोळ गोष्ट झाली. बसलोच आहे तर बाकीच्या तिघींचीही वही वाचावी म्हटलं, आणि पहिल्या डिस्कच्या १९७ पुढे ८ हा आकडा दिसला. आठ म्हणजे बहुधा एकच खरा सेक्टर: आत ४०९६ बाइटचा, बाहेरच्या जगाला ५१२ चे आठ म्हणून दाखवलेला. डिस्कला तो वाचता येत नव्हता आणि तिने कुणाला सांगितलंही नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

आता मूळ बेत आठवा. नवी डिस्क बसवून रिबिल्ड, म्हणजे हरवलेल्या डिस्कचा मजकूर बाकीच्यांवरून काढून नवीवर लिहिणं, सुरू केला असता, तर उरलेल्या तीन डिस्कांचा प्रत्येक सेक्टर वाचावा लागला असता: १२ टेराबाइट. त्यात त्या सेक्टरची रांग येताच एक किंमत रिकाम्या डिस्कवर, दुसरी न वाचता येणाऱ्या सेक्टरमध्ये. अशा वेळी नशीब चांगलं असेल तर तेवढीच जागा खराब ठरते. नाहीतर ती डिस्कही बाहेर फेकली जाते आणि ॲरे बसतो. घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात दर १०^१४ बिटांमागे एका न वाचता येणाऱ्या चुकीची मुभा छापलेली असते. १०^१४ बिट म्हणजे साडेबारा टेराबाइट. प्रत्यक्षात डिस्का यापेक्षा बऱ्या वागतात, पण रिबिल्ड ही ॲरेच्या आयुष्यातली सगळ्यात कठीण परीक्षा असते आणि ती आपण त्याचा राखीव आधार गेल्यावर घेतो.

म्हणून क्रम उलटा केला. आधी फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर. मग नवी केबल लावून जुनी तिसरी डिस्कच ॲरेत परत घेतली. कुठल्या भागात लिखाण झालं याचा नकाशा लिनक्स ठेवतो, त्यामुळे मधल्या काळात बदललेला तेवढाच भाग भरला गेला. काही मिनिटांत चारही ‘यू’ हजर. रविवारी नवी डिस्क आणली, पण पहिलीला न काढता पाचव्या पोर्टवर लावली आणि ‘रिप्लेस’चा आदेश दिला. यात जुनी डिस्क जागेवर राहून नवीवर उतरवली जाते आणि अडलेला सेक्टर तेवढा बाकी तिघींवरून सोडवला जातो. पूर्ण वेळ हरवलेली किंमत एकच. सात-आठ तास लागले.

तो सेक्टर आधीच का सापडला नाही? डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या जुन्या रचनेत महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी अख्खा ॲरे वाचून तपासला जातो. वाचताना असा सेक्टर अडला, तर पॅरिटीवरून त्याची किंमत काढून ती परत लिहिली जाते आणि डिस्क जागा दुरुस्त करते किंवा बदलते. उत्तम सोय. फक्त आमच्याकडे वीजबिलाच्या धाकाने मशीन रात्री अकराला बंद होतं. कित्येक महिने तपासणी झालीच नव्हती. आता ती रविवारी दुपारी होते.

आणखी एक छुपी भानगड असते. साध्या डेस्कटॉप डिस्का अडलेला सेक्टर वाचायचा हट्ट मिनिट-मिनिट सोडत नाहीत, आणि लिनक्स मात्र ३० सेकंद वाट पाहून डिस्कने प्रतिसाद सोडला असं समजतो. डिस्क धडधाकट असूनही ॲरेबाहेर जाते. ॲरेसाठी बनवलेल्या डिस्का सात सेकंदांत हार मानतात, आणि इथे लवकर हरणंच बरं, कारण उत्तर बाकी तिघींकडे आहे. काही डिस्कांवर ही मुदत आदेशाने बदलता येते. नाहीच बदलली, तर लिनक्सचा धीर वाढवायचा.

डिस्क काढताना लिनक्सने डिस्कांना दिलेल्या ‘एसडीबी’, ‘एसडीसी’ या नावांवर विसंबू नका. मशीन पुन्हा सुरू केल्यावर ती अदलाबदल होऊ शकतात. मी प्रत्येक डिस्कच्या कडेला सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवलेत. आणि ॲरे उभाच राहत नसेल तर ‘क्रिएट’ हा आदेश टाइप करणारा हात धरा. तो जुना ॲरे उभा करत नाही, त्याच जागेवर नवा आखतो.

स्मार्टच्या आकड्यांवर मात्र आंधळा भरवसा नको. गुगलने २००७ मध्ये स्वतःच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास छापला. त्यातल्या बंद पडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या मुख्य चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणून बाहेरच्या डिस्कवरची ती प्रत आता बहिणीच्या घरी असते.

वाकलेली केबल मी फेकलेली नाही. ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ती ड्रॉवरमध्ये पडली आहे. चुकून पुन्हा लावली जाऊ नये म्हणून तिला मधोमध गाठ मारून ठेवली आहे.