मंद अस्थिपुनर्रचना आणि वार्धक्य

जुने हाड काढून त्या जागी नवे भरण्याचे काम शरीरात जन्मभर चालते. ते गरजेपेक्षा सावकाश होऊ लागले की त्याला मंद अस्थिपुनर्रचना म्हणतात. म्हातारपणी हाड मोडले की ‘हाडे झिजली’ हे निदान घरातच होते आणि पुष्कळदा ते बरोबरही असते: रजोनिवृत्तीनंतर हाड कोरले जाण्याचा वेग वाढतो आणि भरण त्याला पुरे पडत नाही. याची उलट बाजू मात्र फारशी कोणी सांगत नाही. हाड फारसे झिजलेले नसते, तपासणीत घनताही बरी दिसते, तरी ते मोडते. कारण ते जुने झालेले असते.

प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी नवा होतो. अस्थिभक्षक पेशी सुमारे तीन आठवड्यांत एक खाच कोरतात. ती भरायला अस्थिजनक पेशींना तीन-चार महिने लागतात. दुरुस्ती कोठे हवी याचा सुगावा हाडातच गाडल्या गेलेल्या अस्थिपेशींना लागतो. चालण्या-उचलण्याने हाडात बारीक भेगा पडतच असतात. वयाबरोबर या अस्थिपेशी कमी होत जातात आणि भेगांची दाद घेणारे कोणी उरत नाही. गोव्यात मिरगाआधी कौले परततात, फुटकी बदलतात. चार वर्षे कोणी छपरावर चढलेच नाही तर कौलांची संख्या तेवढीच राहते आणि घर मात्र गळते.

बदल न झालेल्या हाडात खनिज शेवटच्या मर्यादेपर्यंत भरते आणि सगळीकडे एकसारखे होते. असे हाड कडक असते, पण चिवट नसते. नव्या-जुन्या थरांच्या सरमिसळीत भेग अडखळते, वळते. एकजिनसी हाडात ती सरळ पुढे धावते. दुसरे नुकसान कोलॅजेनचे, म्हणजे हाडाला लवचिकपणा देणाऱ्या प्रथिनाचे. त्याच्या धाग्यांना साखर चिकटून पेंटोसिडीनसारखे आडवे बंध तयार होतात आणि धागे ताणले जाण्याऐवजी तुटतात. हाडाची घनता काढणाऱ्या डेक्सा तपासणीला यातले काहीच दिसत नाही. ती फक्त खनिज मोजते.

गोव्याला हा विषय जवळचा आहे. २०११च्या जनगणनेत साठीपुढच्या लोकांचे प्रमाण येथे ११.२ टक्के होते, केरळखालोखाल देशात सर्वाधिक. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत गोव्यात मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत जास्त आढळले. टाइप २ मधुमेहात पुनर्रचना मंदावते, कोलॅजेनवर साखर चढते आणि घनता सारखी असूनही अस्थिभंगाचा धोका इतरांपेक्षा अधिक राहतो. अस्थिभंगाचा धोका काढणाऱ्या मूळ ‘फ्रॅक्स’ गणकात या मधुमेहाला जागाच नाही, त्यामुळे येणारा आकडा खऱ्या धोक्यापेक्षा कमी असतो. त्यात पाय बधिर, नजर अधू आणि पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्या.

मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात मंद पुनर्रचनेचे टोकाचे रूप दिसते. त्याला निष्क्रिय अस्थिविकार म्हणतात. गोव्यातल्या काणकोण तालुक्यात कारण न उलगडलेल्या मूत्रपिंडविकाराचे रुग्ण आढळत आले आहेत, म्हणून त्याचा येथे वेगळा उल्लेख. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचा मारा झाला की हाडाच्या पुनर्रचनेला चालना देणारे पॅराथायरॉइड संप्रेरक अति दबते आणि हाडाचे काम जवळजवळ थांबते. मग हाड न घेतलेले कॅल्शियम रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर साचू शकते. अशा रुग्णाने शेजारणीला मानवल्या म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करणे अजिबात निरुपद्रवी नाही.

मंद पुनर्रचनेचे पक्के निदान कटीच्या हाडाच्या तुकड्यावरून होते. त्याआधी रुग्णाला टेट्रासायक्लिन दोनदा, मध्ये काही दिवस सोडून देतात. हे औषध नव्याने भरत्या हाडात जाऊन बसते आणि अतिनील प्रकाशात पिवळसर चमकते. निरोगी हाडात दोन समांतर रेघा दिसतात. त्यांतील अंतराला दिवसांनी भागले की भरणाचा वेग निघतो. मंद हाडात एकच रेघ दिसते किंवा एकही नाही. रोजच्या व्यवहारात रक्तातील पी१एनपी (हाड भरण्याची खूण) आणि सीटीएक्स (हाड कोरले जाण्याची खूण) यांवरच भागवतात.

औषधांनीही पुनर्रचनेचा वेग उतरतो. अ‍ॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक आम्ल ही हाडाची झीज रोखणारी औषधे मुळात त्यासाठीच असतात आणि खुब्याचे व मणक्याचे कितीतरी अस्थिभंग ती टाळतात. अनेक वर्षे घेतल्यावर क्वचित मांडीचे हाड खुब्याखाली, फारसा मार न लागता, आडवे मोडते. त्याआधी काही आठवडे किंवा महिने मांडीत किंवा जांघेत कळ येते. ती वाताची समजून तेल चोळत बसण्यात वेळ जातो. एक्स-रेत बाहेरच्या बाजूचे कवच जाड झालेले दिसते, आणि दुसरी मांडीही तपासावी लागते. धोका कमी असलेल्यांना म्हणून गोळ्या पाच वर्षांनी, शिरेतले औषध तीन वर्षांनी काही काळ थांबवतात. डेनोसुमॅब या झीज रोखणाऱ्या इंजेक्शनला ही सवलत नाही: ते सोडताच कोरण्याचा वेग उसळतो आणि एकाहून अधिक मणके मोडू शकतात, त्यामुळे ते बंद करताना त्यापाठोपाठ दुसरे औषध द्यावे लागते.