पाय दुखत नाही, म्हणून पाय बरा?

चैत्रात धुळे-जळगावकडून सप्तशृंगी गडाकडे पायी निघणाऱ्यांत अनवाणी चालणारे पुष्कळ असतात. त्यांत मधुमेहीही असतात. दुपारी डांबर साठ अंशांच्याही वर तापतं, तळव्याला फोड येतात, आणि एखादा कौतुकाने सांगतो, "माले चटका लागनाच नही." घरचे याला देवीची कृपा म्हणतात. श्रद्धेला माझा विरोध नाही. पण तळवा भाजूनही मधुमेह्याला कळत नसेल, तर त्याच्या पावलातले मज्जातंतू निकामी होत चालले असण्याची दाट शक्यता आहे. असा पाय तातडीने तपासून घ्यायला हवा.

पावलाच्या या वैद्यकशास्त्राला पोडियाट्री म्हणतात. ब्रिटनमध्ये बारावीनंतर तीन-चार वर्षांची पदवी घेऊन पोडियाट्रिस्ट होता येतं. अमेरिकेत पदवीनंतर चार वर्षं शिक्षण आणि पुढे रुग्णालयात प्रशिक्षण असतं. पावलातली 26 हाडं, चालण्याची यंत्रणा, कुरूप, भोवरी, नखुरडं, चिखल्या, लहान मुलांचे सपाट तळवे, खेळाडूंची टाचदुखी, संधिवात, रक्तपुरवठा, भूल देऊन नखाची शस्त्रक्रिया असं सगळं त्यात येतं. आपल्याकडे हे काम शल्यचिकित्सक, मधुमेहतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि कृत्रिम अवयव बनवणारे तंत्रज्ञ यांच्यात वाटलं गेलं आहे. सगळं पाऊल एकाच्या ताब्यात नसल्याने पाय चिघळेपर्यंत रुग्ण कुणाच्याच नजरेला पडत नाही.

या शाखेतलं माझं सर्वांत आवडतं हत्यार म्हणजे नायलॉनचा एक आखूड धागा. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचं, धाग्याचं टोक अंगठ्याला आणि पुढच्या तळव्याला काटकोनात टेकवायचं, धागा वाकेपर्यंत दाबायचं आणि विचारायचं, "कळतंय का? कुठे?" घट्ट्यावर टेकवायचा नाही, तिथली कातडी मुळातच बधिर असते.

तपासणाऱ्याचा हात हलका असो की जड, धागा वाकला की पावलावर भार पडतो तो दहा ग्रॅमच. हे कसं? खराट्याची काडी जमिनीवर उभी टेकवून वरून दाबून पाहा. आधी ती ताठ राहते, मग एकदम बाजूला वाकते. त्यानंतर जोर वाढवला तर वाक वाढतो, टोकाखालचा भार मात्र जवळपास तेवढाच राहतो. गणितज्ञ लेओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात याचं गणित मांडलं. वाकायला लागणारं बल लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, आणि गोल धाग्यात व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. लांबी दुप्पट केली तर बल चौथाई होतं, जाडी दुप्पट केली तर सोळापट. जाडी नुसती पाच टक्के वाढली तरी बल एकवीस टक्क्यांहून जास्त वाढतं! तिसरा घटक म्हणजे पदार्थाचा ताठपणा, यंगचा गुणांक. नायलॉन दमट हवेत पाणी शोषतो, उष्णतेत मऊ पडतो. म्हणून भुसावळच्या मे महिन्यात गाडीत तापलेला धागा दहा ग्रॅमच्या आतच वाकेल आणि चांगला पाय बधिर ठरेल. सारखं वाकूनही त्याचा ताठपणा कमी होतो, म्हणून सलग दहाएक रुग्ण तपासले की धाग्याला दिवसभर विश्रांती द्यायची असते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅक्स फॉन फ्राय स्पर्श मोजायला घोड्याचे केस वापरत असे. नायलॉन रूढ झाला सेम्स आणि वाइनस्टाइन या संशोधकांमुळे. मेंदूला जखमा झालेल्या रुग्णांच्या स्पर्शज्ञानावरचं त्यांचं काम 1960 मध्ये प्रसिद्ध झालं.

दहा ग्रॅमही ज्याला कळत नाहीत, त्याला चपलेतला खडा किंवा पऱ्हाटीचं खुंट काय कळणार? दुखत नाही म्हणून तो लंगडत नाही, त्याच जागी पुन्हा पुन्हा भार देतो. तिथे घट्टा होतो, घट्ट्यामुळे दाब वाढतो, आत रक्त साकळतं आणि वरून काहीच न दिसता जखम तयार होते. घट्टा नीट तासला की तिथला दाब सुमारे चौथाईने उतरतो. वेल्लोरला 1946 मध्ये आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांत हेच दाखवलं. बोटं रोगाने सडून गळत नाहीत, न कळणाऱ्या जखमांनी झिजतात. मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे आत बारीक पोकळ्या असलेल्या) रबराच्या चपला अशाच पायांसाठी आहेत, आणि त्या मधुमेह्यांनाही तितक्याच उपयोगी पडतात.

म्हणून बधिर पायाच्या भेगेत बिब्बा घालणं मला क्रूर वाटतं. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, आणि इथे तर ते कळतही नाही. कुरूप जाळणाऱ्या औषधी पट्ट्या मधुमेह्याने स्वतःहून लावू नयेत. रात्री तळव्याला लावून सकाळी काळे पडणारे 'विष शोषणारे' पॅच तर शुद्ध फसवणूक आहे. त्यांतली पूड घामाच्या ओलीनेच काळी पडते.

धागा हाताशी नसेल तर घरच्या माणसाने मधुमेह्याला डोळे मिटायला सांगावं आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करावा. दाबायचं नाही, ठोकायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त स्पर्श कळले नाहीत, तर तो पाय डॉक्टरांना दाखवावा, आणि तोवर अंगणातसुद्धा अनवाणी फिरू नये.