रॅम किती घ्यायची? आधी एका फ्रेमचं वजन काढा

कळव्याचा माझा मामेभाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्याला ठाण्यातल्या एका दुकानदाराने सांगितलं की ६४ जीबी रॅम (चालू काम ठेवायची तात्पुरती मेमरी) टाक, मशीन नुसतं पळेल. असं काही नसतं हो. रॅम पुरेशी असेल तर आणखी टाकून फारसा फरक पडत नाही, कमी पडली की मात्र सगळं रडतं.

फोरके व्हिडिओची एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे. ८ बिटमध्ये एक आकडा १ बाइटचा, म्हणजे फ्रेम ३३ एमबी. ३२ बिटमध्ये (एक आकडा ४ बाइटचा) कम्पोझिटिंग, म्हणजे चित्रांचे थर एकावर एक रचणं, केलं तर तीच फ्रेम १३३ एमबी आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ३.३ जीबी, तेही फक्त तयार चित्राचं, खालचे लेयर वेगळे. डिस्कवर फाइल छोटी दिसते कारण ती कॉम्प्रेस केलेली असते. कम्पोझिटिंगचं सॉफ्टवेअर आफ्टर इफेक्ट्स, त्याच्या जुन्या आवृत्त्या प्रिव्ह्यूसाठी तयार फ्रेम रॅममध्येच ठेवतात, त्यामुळे १६ जीबीतून विंडोज, ब्राउझर वगैरेंचं गेलं आणि ८-९ जीबी उरली तर त्यांत असा प्रिव्ह्यू जेमतेम अडीच सेकंदांचा मावतो.

मग रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टीम बराच वेळ न लागलेली ४ केबीची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) उचलून डिस्कवर टाकते आणि लागली की परत आणते. रॅममधून डेटा यायला साधारण १०० नॅनोसेकंद, एसएसडीला त्याच्या शेकडो पट, हार्डडिस्कला १० मिलिसेकंद म्हणजे लाखपट. रॅमचा वेळ १ सेकंद धरला तर हार्डडिस्क जवळजवळ २८ तास लावेल! त्यात आत्ताच बाहेर टाकलेलं पान लगेच परत हवं असेल तर नुसती ने-आण चालते, प्रोसेसर बसून राहतो आणि आपण नवीन ग्राफिक्स कार्डाच्या किमती बघतो.

पीसीला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला आपण हसतो, पण रॅम क्लीनर ॲप हौसेने टाकतो, जे कामाचा कॅश (पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेला डेटा) पुसून तोच पुन्हा लोड करायला लावतं. फोनवरचं ‘८+८ जीबी’ पण तसलंच, त्यातले दुसरे ८ म्हणजे स्टोरेज.

तर सगळ्यात जड प्रोजेक्ट उघडा, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली ‘कमिटेड’चा (सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेल्या मेमरीचा) आकडा बघा, तो बसवलेल्या रॅमच्या बराच वर जात असेल तर वाढवा. साध्या फोरके एडिटिंगला माझ्या मते ३२ बास, मोठं कम्पोझिटिंग असेल तर ६४. एकच स्टिक घेऊ नका, सारख्या दोन घ्या म्हणजे ड्युअल चॅनल, दोन वाटांनी एकदम डेटा, मिळतं. आणि लॅपटॉप घेत असाल तर रॅम सोल्डर केलेली (बोर्डावर कायमची चिकटवलेली) आहे का ते आधी विचारा, असेल तर नंतर वाढवता येत नाही.