गहू सोडण्याआधी

वजन कमी व्हावे किंवा पोट हलके राहावे म्हणून पुण्यात अनेकजण परस्पर गहू बंद करतात. तपासणी न करता असे करू नये, असे माझे ठाम मत आहे.

मैद्याचा घट्ट गोळा पाण्याखाली चोळत राहिले, की पिठूळ पाणी वाहून जाते आणि हातात चिवट, ताणला जाणारा लगदा उरतो, तेच ग्लुटेन. ग्लायडिन व ग्लुटेनिन ही गव्हातील प्रथिने भिजून एकमेकांत गुंतल्याने ते तयार होते आणि त्यामुळेच पोळी न फाटता लाटता येते. जव आणि राय या धान्यांतही अशीच प्रथिने असतात.

बहुतेकांना त्यांचा काहीच अपाय होत नाही. मात्र जगात साधारण शंभरात एकाला असणाऱ्या सिलिअ‍ॅक या आजारात, ग्लुटेन पोटात गेले की प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि अन्नरस शोषणारे रसांकुर झिजून सपाट होतात. जुलाब, पोटफुगी ही लक्षणे ओळखीची आहेत. पण मुलाची खुंटलेली उंची किंवा लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा अ‍ॅनिमिया एवढेच लक्षणही असू शकते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार असताना, पाव मिळेनासा झाल्यावर अशी मुले सुधारतात आणि पाव सुरू होताच पुन्हा खालावतात, हे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी हेरले.

रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांची चाचणी आणि गरजेनुसार आतड्याचा तुकडा तपासून निदान होते. आधीच गहू सोडला असेल, तर प्रतिपिंडे घटतात आणि आजार असूनही चाचणी निर्दोष येऊ शकते. गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा विकार असून त्याची तपासणीही वेगळी असते.

सिलिअ‍ॅकचे निदान झाले, की पथ्य जन्मभराचे आणि काटेकोर असते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा आपल्याकडे मुबलक आहेत, ही मोठीच सोय. पण गव्हामागोमाग त्याच गिरणीत दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ मिसळतेच. फोडणीच्या हिंगातही बहुधा मैदा असतो. पौष्टिक म्हणून घेतला जाणारा खपली गहूदेखील गहूच असल्याने या रुग्णांना चालत नाही. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचे, तर भारतीय नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही. रुग्णाचे आईवडील, भावंडे व मुले यांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असल्याने, त्रास नसला तरी त्यांनीही डॉक्टरांना विचारून रक्ततपासणी करून घ्यावी.